ऑनलाइन शिक्षणाचा प्राध्यापक : या वाटेने जावं का?

वाटाड्या

नमस्कार. नऊ वर्षं पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतोय. मध्यंतरी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याची गोडी लागली, पीएच.डी.ही त्यातच केली, आणि आता शैक्षणिक तंत्रज्ञान विभागात पूर्णवेळ पद चालून आलंय. निर्णयाला तीन आठवडे आहेत.

सहकारी काळजीने सांगतात, "अरे, तो विषय नाही, ती सेवा आहे. दोन वर्षांत तुझं शास्त्र गंजेल आणि लोक पासवर्ड विचारायला फोन करतील."

म्हणून या क्षेत्रात मुरलेल्या मंडळींना विचारतोय. दिवस कसा जातो? संशोधन नेमकं कशावर करतात? बढतीच्या वेळी काय मोजतात? आणि सगळ्यात मोठी धास्ती ही, की दर चार वर्षांनी नवं सॉफ्टवेअर येतं आणि आधीचं शिकलेलं रद्दीत जातं. वीस वर्षांनी हाती काही उरतं का?

शब्दवेल

उत्तम धागा. माझाही साधारण हाच प्रश्न आहे. वाचतेय.

जुनी_वही

वाटाड्या, सविस्तर लिहिते. या क्षेत्रात माझी सत्तावीस वर्षं झाली. मूळची मी भाषाविज्ञानाची.

पासवर्डचे फोन येतात, हे खरंय. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी एकूण एक फोन घेतला, कारण समोरचा अडलेला असायचा आणि त्याच्या मागे साठ विद्यार्थी खोळंबलेले असायचे. पण त्या फोनांतूनच मला माझा विषय सापडला. "क्विझ उघडत नाहीये" म्हणून फोन करणारा पाच मिनिटांत "मुलं उत्तरं पाठ करून येतात हो, विचारच करत नाहीत" इथवर यायचा. बटण कुठे आहे ते सांगून फोन ठेवता येतो. दुसऱ्या वाक्याला धरून बसलात तर त्यातून दहा वर्षांचं संशोधन निघतं.

माझा पहिला ऑनलाइन अभ्यासक्रम सांगते. बेचाळीस विद्यार्थी. प्रत्येक पाठाखाली चर्चेचा फलक आणि वर माझा प्रश्न : "या पाठाबद्दल तुमचं मत मांडा." पहिल्या आठवड्यात तिघांनी लिहिलं. एकाने "छान पाठ", दुसऱ्याने "सहमत", तिसऱ्याने माझ्याच टिपणांतलं एक वाक्य उतरवलं. उरलेल्या एकोणचाळीस जणांचं काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता. वर्गात कपाळावरची आठी तरी दिसते.

तिसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला : "पाठ वाचताना ज्या वाक्यापाशी अडखळून परत मागे जावं लागलं, ते वाक्य इथे उतरवा. कारण लिहिलं नाही तरी चालेल." एकतीस जणांनी लिहिलं. त्यांतल्या एकोणीस जणांनी एकच वाक्य उतरवलं होतं. ते वाक्य मी सहा वर्षं वर्गात जसंच्या तसं बोलत आले होते. कुणी कधी हात वर केला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढे काय करायचं तेही त्याच रात्री ठरलं.

तर संशोधन कशावर, याचं उत्तर : अंतरावर. मैलांचं अंतर नव्हे. मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकात मांडायला सुरुवात केली की शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातलं अंतर तीन गोष्टींवर ठरतं : दोघांत संवाद किती आहे, अभ्यासक्रमाची बांधणी किती ताठर आहे, आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती पुढे जाऊ शकतो. या मापाने पाहिलं तर व्याख्यानाच्या सभागृहात पहिल्या बाकावर बसलेला मुलगाही फार दूर असू शकतो. उलट १८४० च्या दशकात आयझॅक पिटमन पोस्टाने लघुलिपी शिकवत आणि विद्यार्थ्यांनी पाठवलेला सराव तपासून परत धाडत, तेव्हा ते अंतर बरंच कमी असावं. नंतर २००० च्या सुमारास गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी कॅनडात ऑनलाइन चर्चांचे उतारे ओळ न् ओळ तपासून तीन प्रकारच्या 'उपस्थिती' मांडल्या : सामाजिक (एकमेकांशी माणूस म्हणून बोलणं), बौद्धिक (मिळून अर्थ लावणं) आणि शिक्षकाची (चर्चेला दिशा देणं). मी आजही विद्यार्थ्यांचे प्रतिसाद वाचायला बसते ती याच तीन गोष्टी शोधत.

आता रद्दीबद्दल. माझ्याकडे फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले शंभराहून जास्त छोटे सराव होते. जीभ टाळूला कुठे लागते, ध्वनी कसा निघतो, सगळं हलतं चित्र. बारा वर्षांची मेहनत. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार बंद केला आणि ते सगळे सराव उघडेनासे झाले. मी खूप रडले, खोटं कशाला सांगू. पण नंतर ते परत बांधायला घेतले तेव्हा लक्षात आलं की कोणत्या ध्वनीशी मुलं गोंधळतात, चूक झाल्यावर लगेच उत्तर द्यायचं की आधी एक इशारा द्यायचा, किती सरावांनंतर थकवा येतो, हे सगळं माझ्या वहीत होतं. परत बांधायला आठ महिने लागले.

बढतीबद्दल नंतर लिहिते. आता तास आहे.

गणिती

जुनी_वही ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही. तरी माझं मत वेगळं आहे, आणि तेही मनापासूनचंच.

मी बावीस वर्षं गणित शिकवतोय. फळ्याकडे तोंड करून सिद्धता लिहीत असताना पाठीमागे कुजबुज थांबते, त्या थांबण्यावरून मला कळतं की ही पायरी कुणाच्याच डोक्यात शिरलेली नाही. २०२० मध्ये ऐंशी काळ्या चौकोनांशी बोललो. प्रश्न विचारला की शांतता. आमच्या विभागात त्या वर्षी वरच्या वर्गात गेलेली मुलं कच्ची राहिली ती राहिलीच. आणि ज्या अभ्यासक्रमांचा एवढा गाजावाजा झाला त्यांचं काय? हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात छापून आल्या. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे होते साधारण ३ टक्के. आयुष्य घालवायचं तर ज्याने माणूस शिकतो अशा गोष्टीत घालवावं, एवढंच वाटाड्यांना सांगेन.

दिवेलागण

गणिती सर, माझा अनुभव सांगू का? मी प्राध्यापक नाही, विद्यार्थिनी होते. संख्याशास्त्राची पदवी अशीच दुरून घेतली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, दिवसभर उसंत नाही. मी अभ्यासाला बसायचे पहाटे तीनला.

पहिल्या सत्रात सगळे गृहपाठ मी साडेतीन-चारच्या सुमारास चढवायचे. चौथ्या गृहपाठावर सरांचा अभिप्राय आला, ध्वनिमुद्रित, दीड मिनिटाचा. आधी माझी दोन उदाहरणं कुठे चुकली ते सांगितलं, मग म्हणाले, "तुमचे गृहपाठ नेहमी पहाटे येतात. गुरुवारच्या थेट तासाला येणं जमत नसावं. मी त्या तासातले प्रश्न वेगळे काढून लिहून ठेवत जाईन, तुम्ही वाचून खाली आणखी प्रश्न विचारा." त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मी ते मुद्रण चार वेळा ऐकलं.

वर्गात बसून शिकायची सोय असती तर मीही तेच निवडलं असतं. पण माझ्यासमोर निवड वर्ग की ऑनलाइन अशी नव्हतीच. शिकणं की न शिकणं अशी होती.

गणिती

दिवेलागण ताई, असा माणूस समोर असेल तर माझा आक्षेप मागे घेतो. पण असे सर किती?

आराखडा

थोडे. आणि तेच या क्षेत्रातल्या प्राध्यापकाचं काम आहे, ते थोड्यांचे जास्त करणं.

मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, चौदा वर्षं प्राध्यापकांबरोबर अभ्यासक्रम बांधतो. २०२० मध्ये जे झालं त्याला 'ऑनलाइन शिक्षण' म्हणू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेख लिहून त्याला 'आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन' असं वेगळं नाव दिलं. एक ऑनलाइन अभ्यासक्रम नीट बांधायला सहा ते नऊ महिने लागतात. तेव्हा आपल्याला मिळाला एक आठवडा, कुठेकुठे दोन दिवस. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि पहिले विद्यार्थी शिकू लागले १९७१ मध्ये. मधला काळ साहित्य लिहिण्यात, तपासण्यात, मार्गदर्शक नेमण्यात गेला. आणि तिथे विद्यार्थ्याला नुसती पुस्तकं नि टीव्हीवरचे पाठ मिळाले नाहीत, गृहपाठ तपासून त्यावर लिहून पाठवणारा माणूसही मिळाला.

एक प्रसंग. एका प्राध्यापकांचं ५२ मिनिटांचं व्याख्यान होतं, विषय त्यांचा अगदी हातखंडा. किती जण कुठवर पाहतात त्याचा आलेख मी त्यांच्यासमोर ठेवला. चौथ्या मिनिटाला रेघ एकदम खाली. आम्ही दोघांनी ते मिनिट लावून पाहिलं. तिथे ते म्हणत होते, "मागच्या तासाला आपण पाहिलंच आहे." मागचा तास कोणता? पाठ क्रमाने पाहिले जातात असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बरेच जण परीक्षेआधी थेट याच पाठावर येत होते. त्यांनी ते वाक्य काढून तिथे चाळीस सेकंदांत मागचा मुद्दा पुन्हा सांगितला आणि व्याख्यानाचे नऊ तुकडे केले. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी केला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारणपणे फार तर सहा मिनिटंच टिकतात, असं त्यात दिसलं. आमच्या प्राध्यापकांना मात्र त्या अभ्यासाने नाही, स्वतःच्या चौथ्या मिनिटाने पटलं.

जुनी_वही

आराखडा, चौथं मिनिट फार मोलाचं. माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन.

गणिती सर, तुमचा मुद्दा टाळणार नाही. नुसता व्हिडिओ टाकून माणूस शिकत नाही, हे आमच्याच क्षेत्रातला सगळ्यात जुना वाद सांगतो. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये लिहिलं की माध्यम हे फक्त वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही, बदलते ती शिकवण्याची पद्धत. रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ मध्ये उलट बाजू मांडली : काही माध्यमं काही गोष्टी शक्य करतात, ज्या इतरत्र शक्यच नसतात. विद्यार्थिदशेत मी कोझमांच्या बाजूची होते. आता बरीचशी क्लार्कांच्या बाजूला सरकलेय, पण पूर्ण नाही, कारण एकोणीस जणांनी तेच वाक्य उतरवलं ते लेखी फलकावर. तोंडी वर्गात ते घडलं नसतं. पहिला बोलला की बाकीचे गप्प बसले असते.

वाटाड्या, हा वाद मुळातून वाचा. पद घ्या न घ्या.

आता बढती. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. मी ज्या संस्थेत आधी होते तिथे माझ्या अर्जात सात अभ्यासक्रम होते, प्रत्येकामागे वर्षभराचं काम, आणि समितीने ते 'इतर योगदान' या रकान्यात टाकले. मोजले गेले फक्त शोधनिबंध. त्या वर्षी बढती मिळाली नाही. पुढच्या खेपेला मी प्रत्येक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच संशोधनाचा प्रश्न ठरवला, विद्यार्थ्यांची संमती घेतली, नोंदी ठेवल्या, आणि अभ्यासक्रम चालू असतानाच निबंधाचा कच्चा आराखडा लिहिला. तेव्हा जमलं. मला आजही वाटतं की उत्तम बांधलेला अभ्यासक्रम हे स्वतःच विद्वत्तेचं काम आहे आणि त्याला निबंधाचा टेकू लागू नये. पण समिती मानेल असं धरून चालू नका. पद स्वीकारण्याआधी लेखी विचारा : अभ्यासक्रम-बांधणी कामाच्या किती तासांत धरता, आणि बढतीच्या वेळी कोणत्या रकान्यात? उत्तर टाळलं तर ते उत्तरच समजा.

मोजपट्टी

मी याच विषयात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. लर्निंग अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संगणकी नोंदींवरून कोण मागे पडतंय ते ओळखणं. दिवेलागण ताईंच्या सरांनी डोळ्यांनी केलं ते हजारो विद्यार्थ्यांसाठी यंत्राकडून करून घ्यायचं, असं वाटून मी यात आले.

पण एक गोष्ट शिकले ती इथे सांगते, कारण वाटाड्यांना रोज अशा दाव्यांशी गाठ पडेल. पर्ड्यू विद्यापीठात कोर्स सिग्नल्स नावाची प्रणाली होती. विद्यार्थ्याला हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवायची. ज्यांनी असे दोन किंवा जास्त कोर्स घेतले त्यांची गळती खूप कमी, असा निष्कर्ष गाजला. २०१३ मध्ये मायकेल कॉलफील्ड यांनी साधा प्रश्न विचारला : जास्त कोर्स घेतले म्हणून मुलं टिकली, की टिकली म्हणून त्यांना जास्त कोर्स घ्यायला मिळाले? जो पहिल्याच सत्रात सोडून गेला तो दुसरा कोर्स घेणार कधी? अल्फ्रेड एसा यांनी मग संगणकावर प्रयोग करून दाखवलं की दिव्यांच्या जागी प्रत्येक कोर्समध्ये चॉकलेट वाटलं असं धरलं तरी आकडे तसेच सुंदर येतात.

हे वाचल्यावर माझ्या स्वतःच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं. माझ्याकडेही तीच चूक होती. मार्गदर्शक म्हणाले, आठ महिने जातील. गेले.

वाटाड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजपट्टी, ती चूक भौतिकशास्त्रातही जागोजागी भेटते, म्हणजे माझं शास्त्र अगदीच गंजणार नाही असं दिसतंय.

आणखी एक. आता एआय शिकवणार, मग तुमच्या विभागाची गरज काय, असं आमचे एक वरिष्ठ म्हणाले.

जुनी_वही

१९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी शिकवण्याचं यंत्र दाखवलं, १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली. यंत्र शिकवणार ही गोष्ट आमच्या क्षेत्राच्या जन्माइतकी जुनी आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. १९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी एका विद्यार्थ्याला एक शिक्षक अशा शिकवणीचा प्रचंड मोठा परिणाम मांडला. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला, आणि पायरीपायरीला मदत करणाऱ्या संगणकी शिकवणीचा त्याच्या जवळपास. म्हणजे यंत्र पायरी सुधारू शकतं, चांगली सुधारू शकतं. या बाबतीत मी घाबरवणाऱ्यांच्या बाजूची नाही.

मला काळजी आहे ती वेगळी. आत्ताची साधनं विचारलं की पूर्ण उत्तर देतात. जिथे मुलाने अडखळायला हवं तिथे तो अडखळतच नाही, आणि मग तो कुठे अडला असता ते मलाही कळत नाही. माझी दोन विद्यार्थिनींबरोबर सध्या त्यावरच खटपट चाललीय : साधनाने उत्तर द्यायच्या आधी मुलाकडून त्याचा अंदाज लिहून घ्यायचा, मग इशारा द्यायचा. काम अर्ध्यावर आहे.

तुमच्या वरिष्ठांना हे सांगून पटेल असं वाटत नाही. त्यापेक्षा आधी स्वतः एक करून पाहा. तुमच्याच ऑनलाइन पाठासमोर एका विद्यार्थ्याला बसवा. तुम्ही त्याच्या मागे, जरा बाजूला बसा. अर्धा तास. बोलायचं नाही, मदत करायची नाही, "वर बघ, वर आहे ते" असं चुकूनही म्हणायचं नाही. हात कुठे थांबतो ते फक्त लिहून काढायचं. पदाचा निर्णय त्यानंतर घ्या.

वाटाड्या

ताई, काल बसलो.

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, तिचाच मोबाइल. पाठ उताराच्या प्रतलावर घसरणाऱ्या ठोकळ्याचा. आकृती वर, बलांची समीकरणं खाली. पडदा छोटा, म्हणून तिने आकृतीवर दोन बोटांनी चिमूट काढून ती मोठी केली, कोन पाहिला, मग समीकरणासाठी खाली सरकली. तोवर कोन कोणता ते विसरली. परत वर. परत मोठं करणं. परत खाली. मी मोजलं, बारा मिनिटांत नऊ वेळा. शेवटी तिने वहीच्या कोपऱ्यात आकृती स्वतः काढली, वही मोबाइलशेजारी ठेवली आणि मग तीन मिनिटांत उदाहरण सुटलं. मध्ये दोनदा माझ्या तोंडात शब्द आले होते, ओठ दाबून बसलो.

तो पाठ दीड वर्षापासून वर आहे. आणि भिंतीएवढ्या पडद्यावर हीच आकृती मी नऊ वर्षं दाखवत आलोय.

रात्री आकृतीतच प्रत्येक बलाशेजारी त्याचं समीकरणातलं पद लिहिलं, खालची समीकरणं काढून टाकली आणि पाठ नव्याने चढवला. बढतीच्या रकान्याचा प्रश्न सकाळी लेखी पाठवलाय. ती मुलगी शुक्रवारी परत येतेय.

जुनी_वही

एकाच गोष्टीसाठी लक्ष दोन ठिकाणी फाटणं. चँडलर आणि स्वेलर यांनी यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग केलेत, अगदी अशाच आकृत्या आणि मजकूर घेऊन. काढून वाचा. शुक्रवारी वही बंद ठेवायला सांगू नका तिला. ती वहीकडे गेलीच तर कोणत्या क्षणी गेली, तेवढं इथे लिहा.

गणिती

मीही माझ्या एका पाठासमोर कुणाला तरी बसवतोय. वाटाड्या, तुमची शुक्रवारची नोंद झाली की माझी टाकतो.